प्रोग्रामचे दप्तर पूर्ण असेल तरच माल आपला

सुताच्या पोत्यावर काउंट, वजन आणि गिरणीचे नाव नसेल तर भिवंडी-मालेगावचा यंत्रमागवाला ते पोते उचलणार नाही. पण हाच व्यापारी बिलाचा किंवा स्टॉकचा प्रोग्राम करवून घेतो तेव्हा कसलीच चिठ्ठी मागत नाही. संगणकावर बिल निघाले की पैसे देऊन मोकळा होतो.

२२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले. १२ आणि २८ टक्क्यांतला बहुतेक माल ५ आणि १८ टक्क्यांत आला. अशा वेळी प्रोग्राम करणारा मुलगा आखातात नोकरीला गेलेला असेल, तर दर नेमका कुठे बदलायचा हे कोण सांगणार? म्हणून प्रोग्रामचे दप्तर, म्हणजे रिपॉझिटरी, कसे असावे हे प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घ्यावे असे आम्हाला वाटते.

रिपॉझिटरी म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, ज्याला कोड म्हणतात, आणि त्यात झालेल्या बदलांचा रोजमेळ. कोणी, केव्हा, काय बदलले याची नोंद त्यात राहते. हे काम गिट नावाचे साधन करते. लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी ते २००५ मध्ये तयार केले. गिटहबसारख्या ठिकाणी हे दप्तर ठेवता येते. तिथे खासगी दप्तरालाही पैसे लागत नाहीत.

नुसता कोड म्हणजे चिठ्ठीविना पोते. दप्तरात पुढील गोष्टी हव्यातच :

(१) नाव आणि एका ओळीचे वर्णन. 'नवीन फायनल २' असे नाव चालणार नाही. 'कापड दुकान बिल' म्हटले की काम कळते.

(२) रीडमी. प्रोग्राम काय करतो, कोणत्या संगणकावर चालतो, कसा बसवायचा, दर कुठे बदलायचे, हे साध्या भाषेत लिहिलेली फाइल. नवा माणूस प्रथम हीच वाचतो.

(३) लायसन्स. सर्वांसाठी उघड्या ठेवलेल्या कोडलाही परवाना नसेल, तर तो दिसतो पण इतरांना वापरता येत नाही. एमआयटी परवान्यात मूळ कर्त्याची नोंद कायम ठेवून कोणीही तो वापरू शकतो. जीपीएलमध्ये सुधारलेला प्रोग्राम दुसऱ्याला देताना त्याचा कोडही त्याच अटींवर द्यावा लागतो.

(४) आवृत्तीचा क्रमांक आणि बदलांची यादी. १.० मध्ये काय होते, १.१ मध्ये काय सुधारले, हे तारखेसह असावे.

(५) काय ठेवायचे नाही. पासवर्ड आणि गिऱ्हाइकांची उधारी दप्तरात जाता कामा नये. नंतर फाइल पुसली तरी जुन्या नोंदीत ती शिल्लक राहते. अशा फाइली वगळण्याची यादी आरंभीच द्यावी.

आता मालकीचा प्रश्न. पैसे दिले म्हणजे प्रोग्राम आपला झाला, हा समज चुकीचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. पगारी नोकराने नोकरीचे काम म्हणून केलेला प्रोग्राम, वेगळा करार नसेल तर, मालकाचा. बाहेरच्या माणसाकडून करवून घेतलेल्या प्रोग्रामचा हक्क मात्र लिहिणाऱ्याकडे राहतो. तो आपल्याकडे यायचा तर सहीचा लेखी करार लागतो. करारात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षे धरली जाते. म्हणून मुदत लिहून घ्यावी आणि रिपॉझिटरीचे खाते दुकानाच्या नावे उघडावे.

आपल्या मुलांसाठीही हे शास्त्र उपयोगी आहे. कारागीर आपला नमुना दाखवून काम मिळवतो, तसाच प्रोग्रामर आपली रिपॉझिटरी दाखवतो. गिटहबवर आपल्या पानाच्या दर्शनी भागात सहा कामे लावता येतात. पडद्याचे एखादे चित्र, विषयाचे शब्द आणि नीट लिहिलेली रीडमी असेल, तर पाहणाऱ्याला काम लगेच कळते. अर्धवट वीस कामांपेक्षा पूर्ण माहितीची दोन केव्हाही बरी.

वाचक बंधूंना आमची एवढीच सूचना, की शेवटचा हप्ता देण्यापूर्वी दप्तर दुसऱ्या जाणकाराच्या हाती द्यावे. रीडमी वाचून त्याने दुसऱ्या संगणकावर प्रोग्राम चालवला आणि एक दर बदलून दाखवला, तर माल पूर्ण मिळाला असे समजून पैसे चुकते करावेत.