साखरेची गोळी एक, आत औषधं किती?

विहारात आरोग्य शिबिर लावलं की मधुमेहाचे रुग्ण पिशवीतून गोळ्यांच्या स्ट्रिप काढून दाखवतात. ‘साखरेची गोळी चालू आहे’ एवढंच त्यांना ठाऊक असतं. त्या एका गोळीत अनेकदा दोन औषधं असतात, कधी तीन.

नेहमी दिसणारी जोडी म्हणजे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करतं, तर ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावतं. एका औषधाने भागत नाही तेव्हा डॉक्टर ही जोडी देतात. दोनऐवजी एकच गोळी, त्यामुळे विसरणंही कमी.

अडचण अशी की माणूस जेवला की नाही, हे ग्लिमेपिराइड बघत नाही. सकाळी सहाला उपाशीपोटी सफाईच्या कामावर जाणाऱ्या ताई, नाक्यावर कामाची वाट बघत उभा असलेला मजूर यांना धोका इथेच आहे. साखर घसरली की घाम सुटतो, हातपाय थरथरतात, बोलणं असंबद्ध होतं. लोक ‘प्यायलाय’ म्हणून बाजूला होतात! शुद्धीत असेल तर लगेच साखरपाणी द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. बरं वाटलं तरी खायला देऊन दवाखान्यात न्याच, कारण या औषधाचा परिणाम लांबतो आणि साखर पुन्हा घसरू शकते.

दुसरा घोळ नावांचा. दोन डॉक्टरांनी दोन कंपन्यांच्या गोळ्या लिहिल्या, पण आत औषधं तीच, म्हणजे डोस दुप्पट. म्हणून कार्यकर्त्यांनी स्ट्रिपवरचं मोठं नाव सोडून खालची बारीक अक्षरं वाचायला शिकावं. ‘एसआर’ लिहिलेली गोळी हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली असते. ती कुटू-चावू नये आणि पैसे वाचवायला परस्पर अर्धीही करू नये.

दुकानात मिळतं ते सगळं पारखलेलंच असतं, असंही नाही. मार्च २०१६ मध्ये केंद्र सरकारने ३४४ मिश्र औषधांवर बंदी घातली. कंपन्या कोर्टात गेल्या. फेरतपासणीनंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ औषधांवर पुन्हा बंदी आली. त्यांत मधुमेहाचीही काही मिश्रणं होती.

सिटाग्लिप्टिन हे औषध साखर वाढलेली असतानाच मुख्यतः काम करतं, त्यामुळे ग्लिमेपिराइडच्या तुलनेत साखर फार खाली जाण्याची भीती कमी. ते महाग होतं. २०२२ मध्ये पेटंट संपलं आणि जनऔषधी केंद्रांत मेटफॉर्मिनसोबतच्या त्याच्या दहा गोळ्या ६५ रुपयांपासून मिळू लागल्या. गोळी आपल्या मनाने बदलायची नाही, मूत्रपिंडाची तपासणीही लागते. पण ज्याच्या जेवणाची वेळ ठरलेली नाही, त्याच्यासोबत दवाखान्यात जाऊन ‘डॉक्टर, हे चालेल का?’ एवढं तरी आपण विचारू शकतो.