तटबंदी नसलेला 'किल्ला' आणि चार वर्षांचा डग्लस

किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बुरूज नि तटबंदी येते. अमेरिकेच्या सरहद्दीवरचे बरेचसे 'फोर्ट' मात्र वेगळेच होते: मधोमध कवायतीचं मैदान, भोवती बराकी, कोठार, तबेले. तट नाहीच!

न्यू मेक्सिकोतलं फोर्ट सेल्डन त्यातलंच. १८६५ मध्ये रिओ ग्रांदे नदीकाठी उभारलेलं; भिंती कच्च्या मातीच्या विटांच्या. वाटसरूंना अपाचे या आदिवासी टोळ्यांपासून संरक्षण देणं हे इथल्या फौजेचं काम.

१८८४ मध्ये कॅप्टन आर्थर मॅकआर्थर यांची तुकडी इथे आली. सोबत बायको आणि दोन मुलं. धाकटा डग्लस तेव्हा चार वर्षांचा. तोच पुढे दुसऱ्या महायुद्धात गाजलेला जनरल डग्लस मॅकआर्थर!

अक्षरओळख आईनेच करून दिली. पण डग्लसने पुढे लिहून ठेवलंय, की लिहा-वाचायच्या आधीच तो घोड्यावर बसायला आणि बंदूक चालवायला शिकला. संध्याकाळी झेंडा उतरवताना शिपायांसोबत ही पोरंही ताठ उभी राहत.

१८८६ मध्ये हे कुटुंब फोर्ट लेव्हनवर्थला गेलं. त्याच वर्षी अपाचेंचा नेता जेरोनिमो शरण आला, अपाचे संघर्ष ओसरला आणि १८९१ मध्ये फोर्ट सेल्डनही ओस पडलं.

आज तिथे आपल्याकडच्या पडक्या गढीसारख्या पावसाने झिजलेल्या मातीच्या भिंती उरल्यात.

तुमच्यापैकी कुणाचं बालपण छावणीत गेलंय? कमेंटमध्ये नक्की सांगा!

#इतिहास #किल्ले