सव्वादोन तासांची गाडी, चार तासांचा प्रवास

ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडन-पॅरिस प्रवासाच्या तीन बातम्या लागोपाठ आल्या. १२ तारखेला युरोपीय संघाची नवी प्रवेश-निर्गमन नोंदणी, म्हणजे ‘ईईएस’, सुरू झाली. २२ तारखेला, या मार्गावरची रेल्वे चालवणाऱ्या युरोस्टारने अल्स्टॉम या गाड्या बनवणाऱ्या कंपनीकडून दुमजली गाड्या घेणार असल्याचं जाहीर केलं. आणि ३० तारखेला ब्रिटनच्या रेल्वे नियामकाने पूर्व लंडनमधल्या टेंपल मिल्स डेपोत व्हर्जिन कंपनीला जागा देण्याचा निर्णय दिला. मथळे गाजले ते तिसऱ्या बातमीचे, कारण त्या बातमीत व्हर्जिनचे रिचर्ड ब्रॅन्सन आहेत. १९९४ पासूनची युरोस्टारची मक्तेदारी मोडणार, तिकिटं उतरणार, असा एकूण सूर. माझं मत उलटं आहे. या तिन्हींत प्रवाशाच्या दृष्टीने सर्वांत मोठी बातमी पहिली आहे, आणि तिच्यात ना नवी गाडी आहे ना वेग.

वेगाचा प्रश्न या मार्गावर केव्हाच सुटला. किती पूर्वी, याचा एक पुरावा मला फार आवडतो. लुई ब्लेरिओने १९०९ साली विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली. त्याला पन्नास वर्षं झाली म्हणून जुलै १९५९ मध्ये ‘डेली मेल’ने एक शर्यत ठेवली. लंडनच्या मार्बल आर्चपासून पॅरिसच्या आर्क द त्रियोम्फपर्यंत, किंवा उलट, कोणत्याही वाहनाने जा; कमान ते कमान जो सर्वांत लवकर पोहोचेल तो जिंकला. ब्रिटिश हवाई दलाचे स्क्वाड्रन लीडर चार्ल्स मॉन पहिले आले. वेळ ४० मिनिटं ४४ सेकंद! मार्बल आर्चपासून मोटरसायकलच्या मागच्या सीटवर बसून थेम्सच्या काठापर्यंत, तिथून हेलिकॉप्टरने बिगिन हिलच्या धावपट्टीवर, मग हॉकर हंटर या लढाऊ जेटने पॅरिसजवळच्या व्हिलाकुब्लेला, पुन्हा हेलिकॉप्टर, पुन्हा मोटरसायकल.

या शर्यतीची रचना मुद्दाम पाहा. पाच टप्पे, त्यातलं खरं वेगवान वाहन एकच. बाकीची चार वाहनं त्या एका वाहनापर्यंत पोहोचायला आणि त्यातून उतरल्यावर शहरात शिरायला. म्हणजे ‘विमान किती वेगाने जातं’ हा प्रश्नच नव्हता. ‘दारापासून दारापर्यंत किती वेळ’ हा होता. पर्यटन कंपन्यांच्या माहितीपत्रकांत आणि विमान कंपन्यांच्या जाहिरातींत हा प्रश्न आजही कुणी विचारत नाही. तिथे ‘लंडन-पॅरिस: सव्वा तास’ असं छापून मोकळे होतात.

तो सव्वा तास खरा आहे, पण तो हीथ्रो ते शार्ल द गोल एवढाच. मध्य लंडनमधून हीथ्रोला जायला चालणं-बदलणं धरून तासभर. आंतरराष्ट्रीय उड्डाण, म्हणून दोन तास आधी. उतरल्यावर पासपोर्टची रांग, सामानाचा पट्टा, आणि मग ‘आरईआर बी’ या उपनगरी गाडीने पॅरिसमध्ये. सगळं सुरळीत गेलं तरी साडेपाच-सहा तास होतात. २५ ऑगस्ट १९१९ रोजी लंडनजवळच्या हाउन्स्लोहून पॅरिसजवळच्या ल बुर्जेला पहिलं रोजचं प्रवासी विमान गेलं. एक प्रवासी, वर्तमानपत्रं, थोडी साय आणि शिकारीचे पक्षी एवढा त्यातला माल. त्याला अडीच तास लागले होते. शंभर वर्षांत हवेतला वेळ निम्मा झाला, आणि जमिनीवर लागणारा वेळ सगळी बचत खाऊन बसला.

रेल्वेची गोष्ट बरोबर उलटी. १४ नोव्हेंबर १९९४ ला युरोस्टार सुरू झाली तेव्हा लंडनचं वॉटर्लू ते पॅरिसचं गार द्यु नोर तीन तास लागत. फ्रान्समध्ये गाडी ताशी ३०० किलोमीटरने धावे, खाडीखालच्या बोगद्यात १६० ने, आणि केंटमध्ये शिरली की लोकल गाड्यांच्या जुन्या रुळांवर रखडे. फ्रान्सचे अध्यक्ष मित्तराँ यांनी यावरून इंग्रजांना चिमटा काढला होता की आमच्याकडून सुसाट या, आणि तुमच्याकडे पोहोचल्यावर निवांत निसर्ग बघा. चिमटा लागला असावा. २००३ मध्ये इंग्लंडमधल्या नव्या वेगवान मार्गाचा पहिला टप्पा झाला, २००७ मध्ये दुसरा. गाडी वॉटर्लूऐवजी लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकाला आली आणि प्रवास सव्वादोन तासांवर आला. ४९२ किलोमीटर, मध्ये साडेपन्नास किलोमीटरचा बोगदा, त्यातला जवळजवळ ३८ किलोमीटर समुद्राखाली. (वेळापत्रकात हे अंतर सव्वातीन तासांचं दिसतं, कारण पॅरिसचं घड्याळ तासभर पुढे. परतीला अर्थातच उलट.)

मग घोडं पेंड खातं कुठे? सेंट पँक्रासच्या तळघरात.

हे स्थानक १८६८ चं. त्याचे फलाट उंचावर आणि खाली प्रचंड तळघर. बर्टनहून येणाऱ्या बिअरची पिंपं ठेवण्यासाठी ते बांधलं. खांबांमधलं अंतरसुद्धा पिंपांच्या मापाने ठरवलं. आज त्याच तळघरात युरोस्टारचे प्रवासी बसतात. एका गाडीत ९०० च्या आसपास माणसं. प्रत्येकाची बॅग क्ष-किरणातून जायची, आणि प्रत्येकाचा पासपोर्ट फ्रेंच सीमा पोलिसांनी लंडनमध्येच तपासायचा. १९९१ च्या सांगात करारापासून आणि नंतरच्या पुरवणी करारापासून ही व्यवस्था आहे: फ्रान्सची सरहद्द लंडनमध्ये, ब्रिटनची पॅरिसमध्ये. कल्पना उत्तम, कारण उतरल्यावर थेट रस्त्यावर जाता येतं. पण सगळी गर्दी निघण्याआधीच्या एका तासात आणि एका दालनात कोंबली जाते. २०२३ च्या सुरुवातीला कंपनीने स्वतःच सांगितलं होतं की सीमा तपासणी पुरी पडत नसल्याने काही गाड्यांत जागा जाणूनबुजून रिकाम्या ठेवाव्या लागताहेत. गाडी आहे, रूळ आहेत, प्रवासी आहेत, पासपोर्ट तपासायला खिडकी नाही.

आता त्याच खिडकीवर ईईएस आली आहे. शेंगेनबाहेरच्या प्रत्येक अल्पकालीन पाहुण्याच्या पासपोर्टवर शिक्का मारण्याऐवजी चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे नोंदवायचे. टप्प्याटप्प्याने लागू होऊन १० एप्रिल २०२६ पर्यंत ती पूर्ण अमलात आणायचं ठरलं. ब्रिटिश वर्तमानपत्रांत या ठशांवरून बराच त्रागा चालू आहे. आपल्याला त्याचं अप्रूप नाही. शेंगेन व्हिसासाठी व्हीएफएसच्या काउंटरवर दहा बोटं टेकवून आलेल्या माणसाला पुन्हा ठसे द्यावे लागत नाहीत. त्याचे व्हिसाच्या नोंदीत आधीच असतात, नव्याने फक्त फोटो. आयुष्यात पहिल्यांदाच इंग्रज माणूस या बाबतीत भारतीयाच्या मागे राहिला आहे, आणि हे लिहिताना मला थोडं बरं वाटतंय, हे लपवत नाही.

तेव्हा दीड तास आधी पोहोचणं धरलं तर रेल्वेने खरा वेळ चार तास. तरीही विमानापेक्षा दीड-दोन तासांनी कमी, शिवाय शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात. प्रदूषणाची तुलना तर करायलाच नको. गाडी विजेवर चालते आणि फ्रान्सची बहुतांश वीज अणुभट्ट्यांतून येते. रेल्वेची एकच खोट, तिकीट. काही महिने आधी काढलं तर परवडतं. ऐनवेळी काढलं तर एका बाजूला दोनशे पौंडांपर्यंत जातं. आपल्याकडे मुंबई-पुण्यासाठी डेक्कन क्वीन की शिवनेरी हा वाद घालताना भाड्याचा फरक कुणी फारसा मोजत नाही. इथे तोच सगळा निर्णय करतो.

म्हणून बस टिकून आहे. व्हिक्टोरिया कोच स्टेशनहून पॅरिसच्या बेर्सीपर्यंत आठ ते दहा तास, भाडं बहुतेकदा रेल्वेच्या निम्म्याहून कमी. विद्यार्थ्यांचं हे वाहन. रात्रीची बस घेतली तर हॉटेलची एक रात्र वाचते असं सांगतात. पण सरहद्दीवर भर झोपेत सगळ्यांना उतरवून पासपोर्टच्या रांगेत उभं करतात, हे सांगायचं राहून जातं. पुढे ती बस फेरीबोटीवर चढते किंवा बोगद्यातल्या ‘ल शटल’ या वाहनं वाहणाऱ्या गाडीत शिरते. मोटारवाल्यांचा मार्गही हाच: फोकस्टनहून कॅलेला ३५ मिनिटांत. चार-पाच माणसं आणि भरपूर सामान असेल तर हिशेब जमतो. दोघांसाठी नाही, कारण फ्रान्समधला टोल आणि पॅरिसमधलं पार्किंग खिसा रिकामा करतात.

आणि बोट. खाडीचा सर्वांत अरुंद भाग ३३ किलोमीटर. डोव्हर-कॅले फेरी तो दीड तासात ओलांडते. पण पायी प्रवाशाला माझी शिफारस न्यूहेवन-दिएप मार्गाची. लंडनहून लोकल गाडीने न्यूहेवन, चार तासांची बोट, दिएपहून रुआँमार्गे गाडीने पॅरिसच्या सँ-लाझारला. दिवस जातो. हा मार्ग तगून आहे तो फ्रान्समधल्या सेन-मारितिम जिल्ह्याच्या पैशावर, नफ्यावर नाही. लंडन-पॅरिस सायकलमार्ग ‘अव्हन्यू व्हेर्त’सुद्धा याच बोटीवरून जातो. २०१२ पासून तो खुणांनिशी आखलेला आहे आणि जोरदार सायकलपटू तीन-चार दिवसांत पार करतात.

बोगद्याआधी विमानाने न जाणाऱ्या सगळ्यांचाच रस्ता असा होता. १३ मार्च १९१० रोजी सावरकर पॅरिसहून आले आणि लंडनच्या व्हिक्टोरिया स्थानकात उतरताच पकडले गेले, हे आपण शाळेपासून वाचत आलो. तो प्रवास म्हणजे आगगाडी, मग बोट, मग पुन्हा आगगाडी. या अदलाबदलीवर सर्वांत सुंदर तोडगा निघाला तो १९३६ साली. ‘नाइट फेरी’ नावाची गाडी. रात्री व्हिक्टोरियाला शयनयानात झोपायचं. डोव्हरला डबेच्या डबे बोटीच्या पोटात ढकलून साखळ्यांनी जखडत. डंकर्कला बाहेर काढत. सकाळी प्रवासी गार द्यु नोरला. भरती-ओहोटीने रूळ वरखाली होऊ नयेत म्हणून डोव्हरला दरवाजे असलेली खास गोदी बांधली होती. साखळ्यांच्या खडखडाटाने झोप कुणाला येत असेल, देव जाणे. महायुद्धाची वर्षं वगळता १९८० पर्यंत ती चालली. पुढे बोगद्यातून शयनयान गाड्या नेण्याची योजना झाली, डबेसुद्धा बांधले, पण ते प्रवासी घेऊन कधी धावले नाहीत. अखेर कॅनडाला विकले गेले.

आता व्हर्जिनकडे वळतो. टेंपल मिल्सला एवढं महत्त्व का? युरोपच्या मापाच्या या गाड्यांची देखभाल करू शकेल असा, वेगवान मार्गाला जोडलेला ब्रिटनमधला तो एकमेव डेपो आहे. तो नाही तर धंदा नाही. जागा मोजकी, उमेदवार चार. निवड व्हर्जिनची झाली. गाड्या २०३० मध्ये धावतील असं कंपनी म्हणते. दरम्यान युरोस्टारने ३० दुमजली गाड्या पक्क्या मागवल्या आहेत आणि आणखी २० चा पर्याय राखून ठेवला आहे. दोन संच जोडले की हजाराहून जास्त प्रवासी एका फेरीत. बोगद्याची क्षमता आज जेमतेम निम्मी वापरली जाते, त्यामुळे समुद्राखाली जागेची ददात नाही.

पण हे सगळे प्रवासी जाणार कुठून? त्याच पिंपांच्या तळघरातून. दालन वाढवण्याचे आराखडे आहेत. केंटमधली ॲशफर्ड आणि एब्सफ्लीट ही दोन स्थानकं मात्र २०२० पासून आंतरराष्ट्रीय प्रवाशांना बंद आहेत. आयती बांधलेली, वेगवान मार्गावरची. ती उघडली तर सेंट पँक्रासवरचा थोडा भार उद्याच हलका होईल. युरोस्टारला ते नको आहे, कारण सीमा तपासणीचा खर्च दोन-तीन ठिकाणी विभागावा लागतो. व्हर्जिनने त्यात रस दाखवला आहे. ब्रॅन्सन यांच्याकडून माझी अपेक्षा असेल तर एवढीच. लाल रंगाची गाडी आली म्हणून तिकीट उतरेल यावर मी विश्वास ठेवत नाही. खिडक्या वाढल्याशिवाय जागा वाढत नाहीत, आणि जागा वाढल्याशिवाय भाडं उतरत नाही.

येत्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातून निघणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, शेंगेनचा वेगळा. शेंगेनचा एकदाच प्रवेशाचा असेल तर पॅरिसहून लंडनला परतलात की तो संपला. पुन्हा युरोपात शिरायचं असेल तर अर्जातच ‘मल्टिपल एन्ट्री’ मागा. शक्य असेल तर मुंबईहून लंडनला उतरा आणि परतीचं विमान पॅरिसहून घ्या, म्हणजे खाडी एकदाच ओलांडावी लागते. युरोस्टारमध्ये वजनाची मर्यादा नाही, साध्या तिकिटावर ८५ सेंटिमीटरपर्यंतच्या दोन बॅगा आणि एक हातातली चालते, पण उचलणार तुम्हीच. लोणच्याच्या तेलावर १०० मिलिलिटरचं बंधन नाही. चकली-चिवडा न्या, पेढे, श्रीखंड नको, दूध-मांसाचे पदार्थ ब्रिटनमधून युरोपीय संघात नेता येत नाहीत. आणि एप्रिल २०२५ पासून पॅरिसचं चीज लंडनला आणायलाही बंदी आहे, तेव्हा ते तिथेच खाऊन या. साध्या तिकिटावर सेंट पँक्रासचं फाटक गाडी सुटण्याच्या ३० मिनिटं आधी बंद होतं. बाकी सगळी वेळापत्रकं बाजूला ठेवून आपलं घड्याळ तेवढ्याला लावा.