बाहेरच्या बाकावर बसलेल्या माणसाचे काम

मागच्या पावसाळ्यातील गोष्ट. रात्रपाळी करून सकाळी आठ वाजता हे घरी आले आणि काही न बोलता खाटेवर बसले. दिलेला चहा तसाच निवून गेला. "छातीत जळजळतंय. रात्री वडापाव खाल्ला तो बाधला असेल," एवढेच म्हणाले. मी ओवा दिला, मग सोडा दिला. दहाच्या सुमारास बनियन पिळून काढावे इतका घाम आला. डावा हात जड झाला म्हणाले. तेव्हा कुठे मी दारात जाऊन शेजारच्या ताईंना हाक मारली. पूर्ण दोन तास मी ओवा आणि सोडा यांत घालवले, हे आधीच कबूल करते.

ताईंच्या मुलाने १०८ ला फोन लावला. आमच्या गल्लीत गाडी शिरत नाही. हे म्हणाले, "चालतो मी." ताईंच्या मुलाने ऐकले नाही. वस्तीतल्या चार पोरांनी यांना खुर्चीत बसवले आणि खुर्चीसकट मुख्य रस्त्यावर नेले. छातीत दुखणाऱ्या माणसाला चालवायचे नसते, हे मला त्या दिवशी कळले.

रुग्णालयात आल्याबरोबर ईसीजी काढला. तरुण डॉक्टरीणबाई भराभर विचारू लागल्या. दुखणे कधी सुरू झाले? बीपी आहे का? गोळ्या चालू आहेत ना?

"चालू आहेत," हे पडल्या पडल्या म्हणाले आणि माझ्याकडे पाहिले. मी खाली मान घातली.

गोळ्या चालू नव्हत्या. जूनमध्ये थोरल्या मुलीचा कॉलेजप्रवेश होता. शिष्यवृत्ती येते, पण उशिरा येते. कॉलेज पैसे आधी मागते. त्या महिन्यात घरातला एकेक खर्च आम्ही दोघांनी मिळून कापला. "महिना-दोन महिने गोळी नाही घेतली तर कुठे काय होतंय? मला काही त्रास तर नाही," असे हे म्हणाले आणि मीही मान डोलावली. मुलीला यातले काहीच सांगितले नव्हते.

मला बाहेर बसायला सांगितले. दारावर पडदा, पडद्याआड यांचे पाय तेवढे दिसत होते. माझ्या शेजारी मानखुर्दच्या एक वयस्कर बाई बसल्या होत्या. त्यांचे मालक तीन दिवसांपासून आत होते. त्यांनी पाणी पुढे केले आणि विचारले, "आत सगळं खरं सांगितलंत ना?"

मी काही बोलले नाही. त्याच म्हणाल्या, "आमच्यांनी पहिल्या दिवशी दारू लपवली. मीही लपवली. लोक काय म्हणतील! दुसऱ्या रात्री हातपाय थरथरायला लागले, बरळायला लागले, तेव्हा मी सांगितलं. डॉक्टर म्हणाले, मावशी, आधी सांगायचं ना. आपण लाज झाकतो बाई, आणि डॉक्टर अंधारात औषध देतो."

मी उठले. दारावरच्या सुरक्षारक्षकाने अडवले. त्याला म्हटले, "दादा, मला भेटायचं नाही. आत एक गोष्ट चुकीची सांगितली गेलीय, ती दुरुस्त करायचीय." त्याने डॉक्टरीणबाईंना बोलावले. मी एका दमात सांगितले. बीपीची गोळी दोन महिने बंद आहे. छातीत दुखणे आठला नव्हे, पहाटे पाचला कामावरच सुरू झाले, असे हे गाडीत बोलले. गुडघ्यासाठी दुकानातून दुखण्याची गोळी आणून रोज खातात.

बाई रागावतील असे वाटले होते. त्यांनी सगळे कागदावर लिहून घेतले आणि म्हणाल्या, "बरं झालं सांगितलंत. रक्त पातळ करायचं इंजेक्शन द्यायचंय. बीपी किती दिवस मोकाट आहे आणि पोटात कोणत्या गोळ्या गेल्यात, हे आम्हाला माहीत लागतं. नाहीतर रक्तस्राव होऊ शकतो."

दुपार गेली, संध्याकाळ झाली. कोणी काही सांगेना. मन नको तिकडे धावू लागले. यांचे काम कंत्राटी, खाडा झाला की पगार कापला. पण त्याहून दुसरीच गोष्ट मनाला टोचत होती. लग्नाला बावीस वर्षे झाली. पैशाची तोंडमिळवणी सोडून आम्ही एकमेकांशी शेवटचे कधी बोललो होतो?

शेवटी धीर करून सिस्टरना विचारले. त्यांनी समजावून सांगितले. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन नावाचा पदार्थ रक्तात उतरतो, पण तो वाढायला काही तास लागतात. पहिली तपासणी ठीक आली तरी धोका टळला असे होत नाही. म्हणून ठरावीक तासांनी पुन्हा रक्त घेतात. आपल्याला वाटते, आपल्या माणसाकडे कोणी बघत नाही. पुष्कळदा ते थांबणे हाच तपासणीचा भाग असतो. हे कळल्यावर माझा जीव थोडा खाली बसला.

रात्री मुलगी डबा घेऊन आली. घास उतरेना. मानखुर्दच्या बाईंनी डबा उघडून माझ्यासमोर ठेवला. "तुम्ही पडलात तर त्यांच्याजवळ कोण?" त्यांचे खरे होते. पहाटे मला चक्कर आली म्हणून सिस्टरनी माझे बीपी पाहिले, तर तेही वाढलेले निघाले. आजवर मी ते कधी तपासलेच नव्हते.

दुसऱ्या तपासणीत ट्रोपोनिन वाढले होते. झटका लहान होता, पण झटकाच होता. पुढे अँजिओग्राफीत एक रक्तवाहिनी अरुंद झालेली दिसली, तिच्यात स्टेंट बसवला. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला. घरी शिधापत्रिका आणि आधार कार्ड एकाच पिशवीत होते म्हणून धावपळ वाचली.

सकाळी आत सोडले तेव्हा यांनी पहिला प्रश्न केला, "सांगितलंस?"

"सांगितलं."

बराच वेळ छताकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "बरं केलंस. माझी जीभ रेटली नसती."

मुलीला कळायचे ते कळलेच. ती रडली, रागावली. "माझ्या फीसाठी तुम्ही पप्पांचं औषध बंद केलंत आणि मला विचारलंही नाही?" उत्तर नव्हते. आता रोज सकाळी चहाबरोबर दोन बशांत दोन गोळ्या तीच ठेवते. एक त्यांची, एक माझी.

भगिनींनो आणि बंधूंनो, अशी वेळ कोणावरही येऊ शकते. म्हणून अनुभवातून चार गोष्टी सांगते.

१) छातीत दाब, घाम, दम, हात किंवा जबडा दुखणे याला पित्त समजून घरी बसू नका. बायकांना आणि साखरेच्या रुग्णांना कधीकधी छातीत दुखतही नाही. नुसता दम लागतो, मळमळते, गळून गेल्यासारखे होते. १०८ ची सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि तिला पैसे पडत नाहीत.

२) दुखणे कधी सुरू झाले, कोणती गोळी चालू आहे, कोणती बंद केली, दारू-तंबाखू किती, हे सारे खरे सांगा. रुग्ण लपवत असेल तर तुम्ही सांगा. त्यात त्याची बेअब्रू नाही, त्याचा जीव आहे.

३) बीपीची गोळी मनाने बंद करू नका. सरकारी आणि महापालिकेच्या दवाखान्यात विचारा, जनऔषधी दुकानात स्वस्त मिळते. शिधापत्रिका, आधार आणि जुने कागद एका पिशवीत ठेवा. वरील योजनेत २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला गाठा.

४) तातडीच्या रुग्णाला उपचार मिळणे ही मेहेरबानी नव्हे. बंगालमधील एका शेतमजूर संघटनेच्या खटल्यात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, सरकारी रुग्णालयाने वेळेवर उपचार नाकारणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे. तेव्हा नम्रपणे पण न घाबरता विचारा.

आणि बाकावर एकटे बसू नका. शेजारी बसलेल्याला पाणी विचारा, जेवलात का विचारा. मानखुर्दच्या त्या बाईंना मी पुन्हा भेटले नाही. त्यांचे मालक घरी गेले की नाही, तेही मला ठाऊक नाही. पण त्यांनी विचारलेला एक प्रश्न आमच्या घरावर उपकार करून गेला. उद्या तुमच्या शेजारी कोणी भेदरलेली बाई येऊन बसली, तर तोच प्रश्न तुम्ही तिला विचारा.