‘करजो’ म्हणायची लाज कशाला?

संध्याकाळी गणेशपेठच्या एसटी स्टँडवर पाच मिनिटं उभे राहा. बाहेरगावची गाडी हलली की खिडकीखालून कुणाची तरी आई ओरडतेच, “पोचल्यावर फोन करजो!”

आता सांगा, ‘फोन कर’ आणि ‘फोन करजो’ यात फरक काय? ‘कर’ म्हणजे लगेच. ‘करजो’ म्हणजे आत्ता नाही, वेळ आली की. पण विसरू नको. ‘उद्या येजो’, ‘डब्बा खाजो’, ‘आजीले सांगजो’. प्रमाण मराठीतलं ‘करशील’ याच्या जवळ जातं, पण ‘जो’मधली काळजी त्यात येत नाही.

खरं सांगू? माझंही कधी लक्ष गेलं नव्हतं. परवा कॅनडातल्या क्री भाषेबद्दल वाचत होते. तिथल्या मूळ रहिवाशांची ही भाषा, बोलणारे साधारण लाखभर. त्यात ‘अपि’ म्हणजे बस आणि ‘अपिह्कन’ म्हणजे नंतर बस. ‘मीत्सिसो’ म्हणजे जेव आणि ‘मीत्सिसोह्कन’ म्हणजे मागाहून जेव. मी उडालेच. अरे, हा तर आपला ‘जो’! दोन भाषांचं काही नातं नाही. पण ‘आत्ता कर’ आणि ‘पुढे कर’ यांच्यासाठी क्रियापदाची दोन वेगळी रूपं तिथेही आहेत आणि आपल्या नागपुरातही.

क्रीचं पुढे काय झालं तेही वाचा. कॅनडात मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून तोडून निवासी शाळांत ठेवलं गेलं. आपली भाषा बोलली की शिक्षा. यातल्या शेवटच्या शाळा 1990च्या दशकात बंद झाल्या, पण तोवर कितीतरी घरांतून भाषा गेली होती. आज अल्बर्टा विद्यापीठाच्या ‘इत्वेविना’ या ऑनलाइन शब्दकोशात क्री क्रियापदाचं कुठलंही रूप टाकलं की मूळ शब्द सापडतो. घरी आजीला विचारायची सोय राहिली नाही, तर असा शब्दकोशच आधार.

आपल्याला असं कुणी डांबून ठेवलं नाही. आपलं काम एका हसण्यानं होतं. एका ग्रुप डिस्कशनमध्ये मी म्हणाले, “मी तेच सांगून राहिली ना!” सगळे हसले. त्या दिवसापासून मी ‘सांगतेय’ म्हणायला लागले. घरी फोनवरसुद्धा. शेवटी एकदा आईच म्हणाली, “काहून वं, पाहुण्यासारखी बोलून राहिली?”

काय उत्तर देणार होते मी?

बरं, ‘जो’ अशुद्ध म्हणावा, तर शेजारच्या गुजराती काकूंना काय म्हणाल? त्या निरोप देताना ‘आवजो’ म्हणतात. म्हणजे ‘परत या’. त्यांना कुणी हसत नाही! आणि आपली बोली काही कालची नाही. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात, 1905 साली, वऱ्हाडी आणि नागपुरीचे नमुने छापून आले आहेत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनेही मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून लोकांच्या तोंडची भाषा ध्वनिमुद्रित केली आहे.

तुम्हीही हे करू शकता. मोबाइल आहेच. आजीला विचारा, सकाळी उठल्यापासून काय काय केलं? अंगण झाडलं, चूल सारवली, भाजी खुडली, डाळ पाखडली. रेकॉर्ड करा. मग मोजा, त्यातली किती क्रियापदं तुम्ही स्वतः वापरता आणि किती ठिकाणी ‘क्लीन केलं’, ‘कट केलं’ म्हणून मोकळे होता.

मुलाखतीत प्रमाण मराठी बोला, इंग्रजीही बोला. त्यात काही वाईट नाही. मीही बोलते. फक्त घरचा फोन ठेवताना पाहुण्यासारखं बोलू नका. मी आता आईला रोज म्हणते, “वेळेवर जेवजो.” ती हसते, पण हे हसणं वेगळं असतं.

तुमच्या घरचा असा एखादा शब्द असेल, तर आम्हालाही सांगजो!