स्लॉटात बसली म्हणजे जुळली असं नव्हे

सर्व्हरची मेमरी वाढवायची ठरली की पहिली चौकशी होते ती किती जीबी घ्यायची याची, आणि दुसरी किमतीची. या दोन्ही गोष्टी नंतरच्या. आधी पाहायचं ते हे की या मशीनला कोणत्या प्रकारची पट्टी चालते. डेलच्या पॉवरएज आर७३० या सर्व्हरचं उदाहरण घेऊ. दोन झिऑन ई५ प्रोसेसर, मेमरीचे २४ स्लॉट, आणि सगळं डीडीआर४. घरच्या पीसीतली डीडीआर४ पट्टीसुद्धा त्या स्लॉटात अलगद बसते, कारण पिना तेवढ्याच, २८८, आणि खाचही त्याच जागी. पण तिच्यावर सर्व्हर चालत नाही. त्याला रजिस्टर्ड पट्टी लागते. या पट्टीत पत्त्यांचे आणि आज्ञांचे संकेत आधी एका रजिस्टर चिपमधून जातात, त्यामुळे प्रोसेसरवरचा विद्युतभार हलका होतो आणि एका चॅनेलवर तीन-तीन पट्ट्या लावता येतात. लोड-रिड्यूस्ड पट्टीत डेटाचे संकेतही बफरमधून जातात. तीही इथे चालते, मात्र रजिस्टर्डच्या जोडीला नाही. डीडीआर५ मध्ये रजिस्टर्ड आणि साध्या पट्टीची खाचच वेगवेगळ्या जागी आहे, म्हणून चूक हातातच कळते. डीडीआर४ घेताना लेबल वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

हे लेबल नीट वाचलं तर बहुतेक सगळं सांगतं. समजा त्यावर ‘१६ जीबी २आरएक्स४ पीसी४-२४००टी-आरए१’ असं आहे. ‘२आर’ म्हणजे दोन रँक, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या चिपांचे दोन गट. ‘एक्स४’ म्हणजे प्रत्येक चिप एका वेळी ४ बिट देते. एका रँकची रुंदी ७२ बिट, म्हणजे रँकला १८ चिपा आणि पट्टीवर एकूण ३६. २४०० हा वेग, त्यापुढचं ‘टी’ हे टायमिंग. शेवटच्या गटातलं पहिलं अक्षर सगळ्यात महत्त्वाचं: ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, ‘एल’ म्हणजे लोड-रिड्यूस्ड, ‘ई’ म्हणजे रजिस्टर नसलेली पण ईसीसी असलेली, आणि ‘यू’ म्हणजे साधी. लोक २४०० पाहून पट्टी निवडतात. खरं तर वेगातला फरक मशीन सांभाळून घेतं, सगळ्या पट्ट्या सर्वांत मंद पट्टीच्या वेगाने चालवतं. अक्षरातला फरक ते सांभाळत नाही.

७२ बिटांतले ६४ डेटाचे आणि ८ चूक सुधारण्यासाठीचे. हीच ईसीसी. बिट उलटण्याचे प्रकार विरळाच, त्यासाठी जास्तीचे पैसे कशाला, असा आक्षेप नेहमी येतो. गूगलच्या सर्व्हरांचा अभ्यास करून श्रोडर, पिन्हेरो आणि वेबर यांनी २००९ साली जे मांडलं ते याच्या उलट आहे: वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त पट्ट्यांमध्ये, आणि सुमारे एक तृतीयांश मशीनमध्ये, सुधारता येण्याजोगी निदान एक तरी चूक आढळली. ईसीसी नसेल तर अशी चूक कोणाच्या लक्षातही न येता हिशेबाच्या फाइलमध्ये उतरू शकते.

दुसरा आक्षेप खर्चाचा: मोठ्या दोन पट्ट्या घेतल्या की स्लॉट मोकळे राहतात, पुढे वाढवता येतं. विचार बरोबर आहे, पण त्याची किंमत मोजावी लागते. आर७३० मध्ये प्रत्येक प्रोसेसरला चार चॅनेल आहेत. २४०० च्या वेगाला एक चॅनेल सेकंदाला १९.२ जीबी वाहून नेतं. एका प्रोसेसरला ३२ जीबीच्या दोन पट्ट्या लावल्या तर कमाल ३८.४, १६ जीबीच्या चार लावल्या तर तेवढ्याच ६४ जीबी मेमरीत ७६.८. डेटाबेस किंवा बऱ्याच व्हर्च्युअल मशीन चालवायच्या असतील तर मी चार पट्ट्यांच्याच बाजूने आहे. नुसत्या फाइल ठेवायच्या सर्व्हरला दोन पुरतात. आणि एका चॅनेलचे तिन्ही स्लॉट भरले की वेग उतरतो, हेही धरून चाला.

सर्व्हरच्या कंपनीचीच मेमरी हवी का? नाही. त्याच प्रकारची, रँकची आणि रचनेची दुसऱ्या नामांकित कंपनीची पट्टी चालते. सर्व्हर हमीत असेल तर मात्र हमीच्या अटी आधी वाचा.

तेव्हा पैसे देण्याआधी लिनक्सवर ‘डीएमआयडीकोड’ चालवून आत काय आहे ते पाहा, मॅन्युअलमधला मेमरीचा तक्ता उघडा, आणि दुकानदाराकडून लेबलाचा स्पष्ट फोटो व परतीची अट लेखी घ्या. पट्ट्या लावल्यावर रात्रभर मेमटेस्ट चालू द्या, आणि तो निर्दोष पार पडल्याशिवाय सर्व्हर कामाला लावू नका.