संकेतस्थळाचे पत्ते आणि गुंजाल्याची लिपी

निजामाच्या अमलात किनवट व राजुरा हे तालुके ज्याच्या दप्तरी मोडत आणि १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत ज्याच्यापासून ते विलग झाले, त्या आदिलाबाद जिल्ह्यात मराठी, तेलुगू, उर्दू व गोंडी या भाषा आजही शेजारी नांदतात. परंतु यांपैकी कोणत्याही लिपीतले नाव संकेतस्थळाच्या पत्त्यात घालावयाचे झाले, की त्याला मूळ रूप टाकावे लागते. पत्त्यात रोमन अक्षरे, अंक व मोजकी चिन्हे यांनाच थेट प्रवेश असावा, हा १९९४ साली घातलेला दंडक २००५ च्या प्रमाणकानेही कायम राखला.

हे रूपांतर प्रोग्रॅमरच्या हाताशी असलेली लायब्ररी करते. युनिकोडने प्रत्येक अक्षरास क्रमांक मुक्रर केलेला आहे. केन थॉम्पसन व रॉब पाइक यांनी १९९२ साली रचलेल्या यूटीएफ-८ पद्धतीने त्या क्रमांकाचे बाइट होतात, आणि टक्क्याचे चिन्ह देऊन प्रत्येक बाइट दोन षोडशमान अंकांत मांडला जातो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागत असल्यामुळे एकटा 'द' हा '%ई०%ए४%ए६' असा नऊ चिन्हांचा होतो, आणि वेलांटी व काने स्वतंत्र मोजले जात असल्याने 'आदिलाबाद' एवढे नाव ७२ चिन्हे व्यापते. हा संस्कार एकदाच व्हावयास हवा. दुसऱ्यांदा झाला, तर टक्क्याच्याच चिन्हाचे '%२५' होऊन पत्ता निकामी ठरतो.

लायब्ररीची खरी परीक्षा मात्र याच जिल्ह्यातील गुंजाला गावची लिपी घेते. तेथील हस्तलिखितांमुळे प्रकाशात आलेल्या या गोंडी लिपीस २०१८ साली युनिकोडच्या अकराव्या आवृत्तीत जे स्थान मिळाले, ते पहिल्या ६५,५३६ क्रमांकांच्या पलीकडचे आहे. जावास्क्रिप्टसारख्या भाषा अशा अक्षराची दोन अर्धुके करून साठवतात. दोन्ही जोडून अक्षर अखंड घेतले, तर त्याचे रीतसर चार बाइट होतात. एकेक अर्धुक स्वतंत्र अक्षर मानले, तर जावास्क्रिप्टचे अंगभूत फंक्शन ते सरळ नाकारते. देवनागरी अक्षर एकाच खणात मावत असल्याने सदोष लायब्ररीतूनही ते निर्वेध पार पडते, आणि म्हणूनच मराठी नावावर चाचणी घेऊन समाधान मानणाऱ्या प्रोग्रॅमरला गोंडी लिहिणाऱ्याची अडचण कधी दिसतच नाही.